मोबाइल हाती, मदतीचा क्रमांक मात्र अज्ञात

दुपारी दोनची वेळ. आई-वडील दोघेही कामावर गेलेले. घरात आजोबा आणि नुकतीच शाळेतून परतलेली, पहिलीत शिकणारी नात. जेवण उरकून आजोबा आरामखुर्चीत बसतात आणि काही क्षणांतच एका बाजूला कलतात. नात हाक मारते, हात धरून हलविते. उत्तर येत नाही. समोरच्या टीपॉयवर आजोबांचा मोबाइल आहे. त्याच मोबाइलवर ही मुलगी रोज गाणी लावते, खेळ खेळते, छायाचित्रे काढते. मात्र या क्षणी त्या यंत्रावरची कोणती बटणे दाबावीत आणि पलीकडून आवाज आल्यावर काय सांगावे, हे तिला कोणीही शिकविलेले नाही. प्रसंग काल्पनिक आहे. परंतु मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक किंवा नागपूर येथील कोणत्याही सोसायटीत, कोणत्याही दुपारी तो घडू शकतो, हे अमान्य करता येणार नाही.

शहरी मध्यमवर्गाने मुलांच्या सुरक्षिततेसाठी गेल्या दोन दशकांत हात सैल सोडून खर्च केला. सोसायटीच्या फाटकावर कॅमेरे आले, दाराबाहेर जाळीचा दुसरा दरवाजा आला, शाळेच्या बसचा ठावठिकाणा आईच्या मोबाइलवर दिसू लागला. या सर्व व्यवस्थेमागचे गृहीतक एकच होते : मूल ही राखण्याची गोष्ट आहे. ते स्वतः मदत मागू शकते, किंबहुना एखाद्या प्रसंगी घरातल्या मोठ्या माणसासाठीही मदत मागविण्याची वेळ त्याच्यावर येऊ शकते, हा विचार या खर्चात कोठेच बसला नाही.

क्रमांकांची गर्दी

संकटकाळासाठी स्वतंत्र दूरध्वनी क्रमांक असावा, ही कल्पनाच मुळी एका दुर्घटनेतून जन्मली. लंडनमधील विंपोल स्ट्रीटवरील एका डॉक्टरच्या घराला नोव्हेंबर १९३५ मध्ये आग लागली आणि पाच स्त्रियांचा मृत्यू झाला. समोर राहणाऱ्या गृहस्थाने आग पाहताच फोन उचलला. पण एक्स्चेंजच्या रांगेत तो ताटकळत राहिला. त्याने ‘द टाइम्स’ला लिहिलेल्या पत्रातून चर्चेला तोंड फुटले आणि ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ ही सेवा सुरू झाली. अमेरिकेत ९११ या क्रमांकावरचा पहिला फोन १६ फेब्रुवारी १९६८ रोजी अलाबामा राज्यातील हेलीव्हिल या लहानशा गावात झाला. युरोपीय देशांनी १९९१ मध्ये ११२ हा सामाईक क्रमांक स्वीकारण्याचा निर्णय घेतला.

भारतात मात्र क्रमांक वाढत गेले. पोलिसांसाठी १००, अग्निशमन दलासाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०२ हे जुने क्रमांक. त्यात २००५ मध्ये आंध्र प्रदेशातून सुरू झालेल्या १०८ ची भर पडली. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये आली. मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १०९१ आणि १८१, स्वयंपाकाच्या गॅसच्या गळतीसाठी १९०६, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७, मुंबई महापालिकेचा १९१६. यांतला प्रत्येक क्रमांक उपयुक्त आहे, यात शंका नाही. पण भेदरलेल्या प्रौढ माणसालाही जी यादी आठवणार नाही, ती सहा वर्षांच्या मुलाने लक्षात ठेवावी, अशी अपेक्षा कोण करील?

दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर या विस्कळितपणाकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. निर्भया निधीतून देशव्यापी आपत्कालीन प्रतिसाद यंत्रणा उभारण्याचे ठरले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१५ मध्ये ११२ या एकाच क्रमांकाची शिफारस केली. नोव्हेंबर २०१८ मध्ये हिमाचल प्रदेशात त्याचा प्रारंभ झाला आणि २०१९ मध्ये अनेक राज्ये त्यात सामील झाली. महाराष्ट्रात ‘डायल ११२’ ही सेवा २०२१ मध्ये कार्यान्वित झाली; तिची केंद्रे नवी मुंबई आणि नागपूर येथे आहेत. फोन आला की तो कोणत्या ठिकाणाहून आला याचा अदमास घेऊन जवळच्या पोलीस वाहनाला कळविले जाते. आग किंवा आजार असल्यास संबंधित सेवेकडे तो वळविता येतो. जुने क्रमांकही चालू ठेवण्यात आले. याचा अर्थ असा, की लहान मुलाला एकच क्रमांक शिकविणे आता शक्य झाले आहे. यंत्रणेने आपला अर्धा रस्ता पार केला. उरलेला अर्धा रस्ता घराने आणि शाळेने चालायचा आहे.

‘एकशे बारा’ नावाचे बटण नाही

शिकविण्याची पहिली अडचण अगदी साधी आहे आणि म्हणूनच ती मोठ्यांच्या लक्षात येत नाही. ११२ हा आकडा वडीलधारी मंडळी ‘एकशे बारा’ असा उच्चारतात. पाच वर्षांचे मूल फोनच्या पडद्यावर ‘एकशे बारा’ शोधू लागले, तर त्याला ते सापडणार नाही; तेथे शून्य ते नऊ एवढेच अंक आहेत. अमेरिकेत पालकांना याच कारणासाठी ‘नाइन-इलेव्हन’ न म्हणता ‘नाइन-वन-वन’ म्हणण्याची सूचना केली जाते, कारण अकरा नावाचे बटण कोठेच नसते. मराठी मुलांची अडचण तर याहून अधिक आहे. आपल्या जोडअंकांची नावे उच्चाराला आणि आकलनाला किती कठीण असतात, यावर २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकातील ‘वीस एक, वीस दोन’ या संख्यावाचनाच्या निमित्ताने राज्यभर वाद रंगला होता. त्या वादात कोणाची बाजू बरोबर होती हा प्रश्न वेगळा. परंतु संकटाच्या वेळी तरी ‘एक-एक-दोन’ हेच संख्यावाचन योग्य, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही.

चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक ‘दस, नौ, आठ’ असा उलट्या मोजणीने लोकप्रिय करण्यात आला. मोठ्या मुलांच्या स्मरणासाठी ही युक्ती उत्तम आहे. अगदी लहान मुलाला मात्र ‘एक, शून्य, नऊ, आठ’ असे चार अंक बोटाने दाबून दाखवावे लागतील, कारण ‘दहा’चेही बटण नाही.

मग एवढ्या लहान वयात हे शिकविता येते का? नॉर्वेतील एका बालवाडीत चार-पाच वर्षांच्या दहा मुलांवर केलेला एक छोटा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या-अर्ध्या तासाचे पाच पाठ एवढेच प्रशिक्षण त्यांना देण्यात आले होते. दोन महिन्यांनी पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा दहापैकी सात मुलांना आपत्कालीन वैद्यकीय क्रमांक बरोबर सांगता आला आणि समोरचा माणूस शुद्धीवर आहे की नाही, हेही तितक्याच मुलांना ओळखता आले. मात्र फोनवर योग्य ती माहिती देणे फक्त चौघांना जमले. अवघ्या दहा मुलांच्या अभ्यासावरून मोठे सिद्धान्त मांडणे चुकीचे ठरेल. तरीही त्यातून दिसणारी दिशा अनुभवाशी जुळणारी आहे : क्रमांक पाठ होणे सोपे, बोलणे अवघड. म्हणून शिकविण्याचा भर क्रमांकावर कमी आणि संभाषणावर अधिक असायला हवा.

फोन बदलला, घर बदलले

एके काळी फोनला घरात ठरलेली जागा होती. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात तिपाईवर तो असे, त्यावर विणलेले आच्छादन असे आणि शेजारच्या भिंतीवर आवश्यक क्रमांकांची यादी चिकटविलेली असे. काही घरांत चकतीला छोटे कुलूपही लावले जाई, ही गोष्ट खरी. पण फोन कोठे आहे हे घरातल्या धाकट्यातल्या धाकट्याला ठाऊक होते. शिवाय तो फोन एका पत्त्याला बांधलेला होता. आजचा फोन माणसाबरोबर फिरतो. तो कधी आईच्या पर्समध्ये, कधी बाबांच्या खिशात, तर कधी चार्जिंगला लावलेला असतो. आणि हाती आला तरी त्याला बोटाच्या ठशाचे किंवा आकड्यांचे कुलूप असते.

कुलूप न उघडताही आपत्कालीन फोन करता येतो, हे किती पालकांना ठाऊक आहे? बंद पडद्याच्या तळाशी ‘आणीबाणी’ किंवा तत्सम शब्द असतो. तेथून ११२ लावता येतो. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनुसार भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाइलमध्ये संकटसूचक बटणाची सोय सक्तीची करण्यात आली. बटणांच्या साध्या फोनवर ५ किंवा ९ हा अंक दाबून धरणे आणि स्मार्टफोनवर चालू-बंद करण्याचे बटण लागोपाठ तीनदा दाबणे, अशी ती पद्धत आहे. काही नव्या फोनमध्ये हेच बटण पाच वेळा दाबावे लागते. म्हणूनच पालकांनी आधी आपापल्या फोनमधील रचना तपासली पाहिजे आणि मग तीच मुलाला दाखविली पाहिजे. जे फोनच्या मालकालाच माहीत नाही, ते मुलाला कसे माहीत होणार?

सरावासाठी खरा फोन लावण्याची अर्थातच गरज नाही. बंद केलेला जुना फोन, नाही तर पुठ्ठ्यावर काढलेली अंकांची चौकट पुरेशी आहे. आई किंवा आजी पलीकडची ताई झाली, की बाकीचा खेळ मुले आपणहून रंगवितात.

पत्ता : खरी परीक्षा

पलीकडून पहिला प्रश्न येतो तो ‘काय झाले?’ आणि ‘कोठून बोलतोस?’ असा. पहिल्याचे उत्तर मूल देईल. दुसऱ्याचे उत्तर ‘आमच्या घरून’ असे येईल. मुलांना आपल्या आईचे नाव ‘आई’ आणि स्वतःचे नाव ‘सोनू’ किंवा ‘पिंकी’ एवढेच ठाऊक असणे हे मायेचे लक्षण असेल; संकटात ते अडचणीचे ठरते. त्यातून आपल्या शहरांतील पत्ते असे, की ‘साई दर्शन’, ‘गणेश कृपा’ आणि ‘शिवनेरी’ या नावांच्या इमारती प्रत्येक उपनगरात दोन-चार तरी सापडाव्यात. फोनवरून मिळणारे ठिकाण इमारतीच्या आसपास पोहोचवील. पण सात मजल्यांच्या दोन ‘विंग’मधून नेमके घर शोधायचे कसे?

शाळेत प्रवेश घेताना मुलाकडून कविता म्हणवून घेतली जाते. त्याच उत्साहाने स्वतःचे पूर्ण नाव, आई-वडिलांची नावे, इमारतीचे नाव, मजला, घराचा क्रमांक आणि जवळची ठळक खूण या गोष्टी त्याच्याकडून म्हणवून घेतल्या पाहिजेत. खूण ही आपल्याकडची खास गोष्ट आहे. ‘दत्तमंदिराच्या मागे’, ‘पाण्याच्या टाकीजवळ’, ‘पिठाच्या गिरणीसमोर’ ही माहिती येथे पिनकोडहून अधिक कामाला येते आणि मुलाच्या नजरेत ती आधीपासूनच असते. चाळीत वा वस्तीत राहणाऱ्या मुलाला तर घरक्रमांकापेक्षा अशाच खुणांचा आधार असतो. पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या आतल्या बाजूस किंवा फ्रिजवर लावणे, हाही खर्च नसलेला उपाय आहे. पाहुणे आलेल्या नातेवाइकालाही त्याचा उपयोग होतो.

दुसरी शिकवण अशी, की पलीकडचा माणूस सांगेपर्यंत फोन ठेवायचा नाही. आणि तिसरी शिकवण या दोहोंच्या आधीची आहे : आधी स्वतः सुरक्षित जागी जायचे. घरात आग लागली तर आत थांबून फोन करायचा नाही. बाहेर पडून, शेजाऱ्याच्या दारातून करायचा. गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण दाबायचे नाही, घरात फोनही वापरायचा नाही. सरळ बाहेर पडायचे. विजेचा धक्का बसलेल्या माणसाला हात लावायचा नाही. लहान मुलाने शूरपणा करावा, अशी अपेक्षा यात कोठेही नाही. त्याने मोठ्या माणसांपर्यंत बातमी पोहोचवावी, एवढेच त्याचे काम.

चाळींमध्ये हे काम फोनशिवाय होत असे. मूल सज्जात येऊन ओरडले, की दहा दारे उघडत. आज सदनिकांची दारे बंद असतात आणि समोर कोण राहते हे कित्येकांना माहीत नसते. म्हणून ११२ शिकविताना शेजारच्या दोन घरांची ओळख करून देणेही आवश्यक आहे. रुग्णवाहिका कितीही तत्पर असली, तरी शहरातील वाहतुकीतून तिला वाट काढावी लागते. शेजारी एका मिनिटात पोहोचतो. फोन हा शेजारधर्माला पर्याय नव्हे.

मुलावर विश्वास ठेवणारा कान

हे सर्व शिकवूनही एक प्रश्न शिल्लक राहतो. मुलाने सारे काही बरोबर केले आणि पलीकडच्या माणसाने त्यावर विश्वासच ठेवला नाही तर? अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात फेब्रुवारी २००६ मध्ये नेमके हेच घडले. आई जमिनीवर कोसळलेली पाहून पाच वर्षांच्या मुलाने ९११ लावला. आई बेशुद्ध पडल्याचे त्याने सांगितले. पलीकडून त्याला मोठ्या माणसाकडे फोन देण्यास सांगण्यात आले. मदत पाठविण्यात आली नाही. सुमारे तीन तासांनी त्याने पुन्हा फोन केला, तेव्हा फोनशी खेळू नकोस, असे त्याला दटावण्यात आले. अखेर पोलीस पोहोचले तेव्हा त्याची आई मरण पावली होती. २००८ मध्ये फोन घेणाऱ्या एका महिला कर्मचाऱ्यास कर्तव्यात हयगय केल्याबद्दल न्यायालयाने दोषी ठरविले.

या घटनेतला मुलगा शिकलेला होता. शिकलेला नव्हता तो कान. आपल्या नियंत्रण कक्षांनाही हा धडा लागू आहे. लहान आवाज ऐकला की ‘घरात मोठे कोणी आहे का, त्यांना फोन दे’ हे वाक्य आपल्याकडे आपसूक तोंडी येते. मोठे माणूस जमिनीवर पडले आहे म्हणूनच मूल फोन करीत असेल, ही शक्यता पहिली धरली पाहिजे. मुलाशी बोलण्याची रीत वेगळी असते : एका वेळी एकच प्रश्न, छोटे वाक्य, त्याच्या भाषेत, आणि ‘तू छान सांगतो आहेस, मी फोनवर आहे’ असा धीर. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला हिंदीत विचारलेला प्रश्न कळेलच असे नाही. आणि उत्तरेतून आलेल्या मजुराच्या मुलाची अडचण याच्या उलट असेल.

खोट्या फोनांचा त्रास नियंत्रण कक्षांना होतो, ही वस्तुस्थिती आहे. मुलांना हा क्रमांक शिकविला तर तो त्रास वाढेल, अशी भीती व्यक्त केली जाते. ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. परंतु ज्या मुलाला क्रमांकाचे गांभीर्य समजावून दिले आहे, त्याच्यापेक्षा हाती आलेल्या फोनवर वाटेल तेथे बोटे फिरविणाऱ्या मुलाकडूनच असा फोन लागण्याचा संभव अधिक. हरवलेली वही, भावाशी झालेले भांडण यांसाठी हा क्रमांक नाही. कोणी उठत नाही, श्वास घेता येत नाही, आग दिसते, कोणी मारत आहे किंवा आपण हरवलो आहोत, यांसाठी आहे, हा भेद गोष्टींतून शिकविता येतो. चुकून फोन लागलाच तर तो घाबरून तोडायचा नाही, ‘चुकून लागला’ असे सांगायचे, हेही शिकवावे. कायद्याचा धाक दाखविण्याचे तर कारणच नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनुसार सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारा या वयात त्याची समज विचारात घेतली जाते.

धाक मात्र दुसऱ्याच दिशेने दाखविला जातो आणि तो घरातच. ‘जेव, नाही तर पोलिसाला बोलावीन’, ‘रडलास तर डॉक्टर सुई टोचतील’ ही वाक्ये पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरांत घुमत आली आहेत. ज्या पोलिसाच्या आणि डॉक्टरच्या नावाने मुलाला घास भरविला जातो, त्यांनाच त्याने संकटाच्या वेळी आपणहून बोलवावे, अशी अपेक्षा कशी करता येईल? हरवलेली मुले गणवेशातील माणूस पाहून लपतात, त्यामागे हीच शिकवण असते. तेव्हा ११२ शिकविण्याचा पहिला पाठ मुलासाठी नाही. तो हे वाक्य गिळून टाकणाऱ्या पालकासाठी आहे.

दाराआडचे संकट

आजोबांसाठी फोन करायला शिकविणे पालकांना आवडेल. दुसऱ्या एका फोनबद्दल मात्र घराघरांत मौन आहे. १०९८ ही सेवा जून १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली. रेल्वे स्थानकांवर आणि पदपथांवर राहणाऱ्या मुलांना रात्री-अपरात्री मदत हवी असे. त्यांच्याशी बोलण्यातूनच हिची गरज पुढे आली. पुढे १९९९ मध्ये चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशन स्थापन झाले आणि ही सेवा देशभर पसरली. या क्रमांकावर अनेकदा फोन लावून मूल काहीच बोलत नसे. ते फोन खोटे म्हणून निकालात न काढता पलीकडचा माणूस ऐकून घेईल की नाही, याची मूल चाचपणी करीत आहे असे समजून त्याच्याशी बोलत राहण्याचे कसब या सेवेने कमावले.

२०२३ मध्ये ही सेवा महिला व बालविकास मंत्रालयाच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेखाली सरकारी यंत्रणेकडे सोपविण्यात आली आणि ती ११२ शी जोडण्याचे काम सुरू झाले. मदत जलद पोहोचावी हा त्यामागील हेतू. बालहक्कांच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी त्या वेळी एक शंका उपस्थित केली : पोलिसांशी जोडलेल्या यंत्रणेजवळ मूल मन मोकळे करील काय? ही शंका पोलिसांच्या कार्यक्षमतेविषयी नाही. भेदरलेल्या मुलाच्या मनाविषयी आहे. जखमी आजोबांसाठी वाहन हवे असते. घरातल्याच माणसाकडून त्रास होणाऱ्या मुलाला आधी वेळ हवा असतो. दोन्ही फोन एकाच छताखाली घेताना दोहोंमधला हा फरक जपला गेला पाहिजे.

लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा ‘पॉक्सो’ कायदा अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती कळविण्याची जबाबदारी टाकतो. पण ती माहिती आधी मुलाच्या तोंडून बाहेर पडायला हवी. मोठ्यांच्या विरोधात तक्रार करण्यासाठीही एक क्रमांक आहे, असे मुलाला सांगणे आपल्या घरांतील अनेकांना मुलाला ‘बिघडविणे’ वाटते. वास्तविक ज्या घरात काही लपवायचे नाही, त्या घराने या क्रमांकाची भीती बाळगण्याचे कारण काय?

शाळेने काय करावे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला गेला आणि त्याचा अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये आला. खेळ, गोष्ट आणि संवाद हे या टप्प्याचे माध्यम आहे. संकटाचा फोन शिकविण्यास याहून अनुकूल चौकट कोणती? त्यासाठी नवे पुस्तक नको, परीक्षा तर नकोच. वर्षातून तीन-चार वेळा अर्ध्या तासाचा नाट्यप्रवेश पुरेसा आहे. कारण लहान मुले जितक्या लवकर शिकतात तितक्याच लवकर विसरतात.

त्यासाठी निमित्तेही आहेत. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत झालेल्या स्फोटात ६६ अग्निशमन जवानांनी प्राण गमावले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह देशभर पाळला जातो. या सप्ताहात बंब पाहायला जाणारी मुले घंटा वाजवून आणि छायाचित्रे काढून परततात. त्याऐवजी एका मुलाने खोटा फोन हाती घेऊन खऱ्या जवानाला आपला पत्ता सांगून दाखविला, तर ती भेट आयुष्यभराची शिदोरी ठरेल. पहिलीत प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक मुलाला जूनमध्ये घरचा पत्ता आणि ११२ लिहिलेले एक पत्रक द्यावे आणि ते घरी भिंतीवर लावल्याची खातरजमा शिक्षकांनी करावी, एवढे तर कोणत्याही शाळेला परवडेल. गृहनिर्माण सोसायट्यांनी रखवालदारास रुग्णवाहिका आली की फाटक उघडून लिफ्ट अडवून ठेवण्याची सूचना द्यावी. मुलाने मागविलेली मदत नोंदवहीत सही घेण्यासाठी खोळंबू नये.

शासनाकडून अपेक्षा दोन. ११२ च्या केंद्रांत फोन घेणाऱ्यांना मुलांशी बोलण्याचे स्वतंत्र प्रशिक्षण नियमितपणे मिळावे. आणि या सेवेच्या जाहिरातींतून मुलांना उद्देशून, मुलांच्या भाषेत काही सांगितले जावे. आजवरच्या जाहिराती प्रौढ नागरिकाला समोर ठेवून केल्या गेल्या. परंतु घराच्या दाराआड संकट कोसळते तेव्हा तेथे शुद्धीवर असलेला एकमेव नागरिक कधी कधी सहा वर्षांचाही असतो.

त्या दुपारची नात पुन्हा डोळ्यांसमोर आणावी. तिला हृदयविकार म्हणजे काय हे कळायला नको, औषधांची नावेही नकोत. तिने जाळीचा दरवाजा उघडून समोरच्या काकूंना हाक मारावी, फोनचे तीन अंक दाबावेत, आणि ‘आजोबा उठत नाहीत, मी अमुक इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहते’ असे सांगावे, एवढेच पुरेसे आहे. हे शिकविण्यास एक रविवारची सकाळ लागते. ती सकाळ आपण तिला देतो की नाही, यावर त्या दुपारचा शेवट अवलंबून राहील.